पाईपचं वाचणारं टोक

शालन,

तुझ्या बॅचची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. कशी झाली ते तुला सांगायला हवं, कारण नावाला मुलांची असली तरी ती परीक्षा तुझी होती. तू असतीस तर मला दारातच गाठून विचारलं असतंस, "काय झालं ते सांग की पटदिशी, तोंड असलं का केलंयस?" तसं कुणी विचारलं नाही. घरी "जेवलीस का" एवढंच विचारतात, आणि कॉलेजात हल्ली सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जसं काही मलाच बरं नाहीये. म्हणून पहिल्यापासून, माझ्या पद्धतीनं, क्रमानं सांगते. क्रमानं सांगणाऱ्या माणसांचा तुला वैताग यायचा. आता इलाज नाही, ऐकून घे.

आपण भेटलो ते इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर रूमच्या दारात, चपला काढताना. मशिनला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर, आणि त्याला गारवा लागतो म्हणून एअर कंडिशनर दिवसभर चालू. दोघींची नेमणूक एकदमच झालेली, मुलांचे प्रयोगाचे तास घ्यायला. तू कोडोलीहून एस.टी.नं आलेली, पायाला रस्त्याची माती, हातात जेवणाचा डबा. आत पाऊल टाकलंस आणि म्हणालीस, "एवढी थंडी कुणासाठी म्हणायची?" मी म्हटलं, मशिनसाठी. "आणि माणसांनी काय करायचं?" असं विचारून तू पदर कानावरून घेतलास आणि टर्मिनलसमोर जाऊन बसलीस. दुसऱ्या दिवशी येताना दोन शाली आणल्यास. एक माझ्यासाठी, मी मागितली नव्हती. तिला चुलीच्या धुराचा वास होता, आणि त्यानंतर रोज मी ती पांघरूनच काम केलं. अजून माझ्या खुर्चीवर आहे. तुझ्या आईला परत करायची की ठेवून घ्यायची, हे मला ठरवता आलेलं नाही.

मी नाशिककडची, लग्न होऊन शिवाजी पेठेत आलेली. इथल्या बायका "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात हे सासरी ऐकून सवय झाली होती, पण कॉलेजात, मुलांसमोर, फळ्यापुढे उभी राहून कुणी बाई "मी सांगतो ते लिहून घेऊ नका, बघा" म्हणेल याची मला कल्पना नव्हती. मी तुला एकदा म्हटलं, अगं शालन, निदान वर्गात तरी जरा पुस्तकातलं बोल. तू शांतपणे डबा उघडलास आणि म्हणालीस, "पुस्तकातलं पुस्तकात हाय की. पोरास्नी त्ये वाचून कळंना म्हणून तर आपल्याला पगार देत्यात." मी तुझ्या डब्यातली भाकरी खाल्ली.

आणि कळत नव्हतं हे खरंच होतं. बाकी सगळं कसंबसं निभवायचं, पण युनिक्समधला, म्हणजे मशिन चालवणाऱ्या सिस्टिममधला, पॅरेंट आणि चाइल्डचा धडा आला की मुलांचे चेहरे उतरायचे. एक प्रोग्राम चालता चालता स्वतःची हुबेहूब प्रत काढतो. मूळ तो पॅरेंट, प्रत ती चाइल्ड. प्रत निघेपर्यंत पॅरेंटला जे माहीत होतं ते सगळं चाइल्डला मिळतं, पण त्या घटकेपासून दोघांचा संसार वेगळा. चाइल्डनं बेरीज केली तर ती त्याच्याच घरात राहते, पॅरेंटला पत्ता लागत नाही. मुलं येऊन तक्रार करायची, "मॅडम, चाइल्डमध्ये उत्तर बरोबर दिसतंय, आणि पॅरेंटमध्ये शून्य." मग उत्तर इकडून तिकडे न्यायचं कसं, तर दोघांमध्ये एक पाईप टाकायचा. एका टोकानं लिहायचं, दुसऱ्या टोकानं वाचायचं. मी फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी चौकटी आणि बाण काढायची. चौकटी फार सुबक यायच्या. माझ्या बॅचला त्या पाठ झाल्या आणि प्रोग्राम अडकायचे ते अडकतच राहिले.

तू पाईप आणलास. खराखुरा, शेतातला, काळा, हातभर जाडीचं वेटोळं करून, एस.टी.च्या कंडक्टरशी भांडून. सोबत पदराच्या गाठीत चिंचोके. साहेब, म्हणजे आपले विभागप्रमुख, तेव्हा व्हरांड्यातच उभे होते. त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" तू म्हणालीस, "पाईप हाय, सर." ते वळून केबिनमध्ये गेले. मी तर लाजून भिंतीकडे बघत होते.

तो तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला. तू संजयला उभं केलंस. "संज्या, तू पॅरेंट. पाईप एक, टोकं दोन. हिकडनं घालायचं, तिकडनं घ्यायचं. धर दोन्ही टोकं." मग विजयाला, ती मलकापूरची बारीक चणीची मुलगी, तिला बोलावलंस. "आता प्रत निघाली. प्रत म्हंजे काय? जे ह्याच्या हातात, त्येच हिच्या हातात. विजया, तू बी धर दोन्ही टोकं." दोघं समोरासमोर, चार हात, मध्ये वाकवलेला पाईप. सगळी बॅच हसत होती. तू विजयाला चिंचोके दिलेस, तिनं एक एक करून सोडले, संजयनं एक एक करून घेतले. चिंचोके संपले. विजयानं हात काढला. तू विचारलंस, "संपलं का रे?"

"संपलं मॅडम."

"कशावरनं?"

"विजयानं हात काढला की."

"तिनं काढला. पण लिहायच्या टोकावर अजून एक हात दिसतोय मला. जोवर तिथं कुणाचा बी हात हाय, तोवर वाचणाऱ्याला वाटणार अजून येणार हाय. कुणाचा हाय त्यो हात?"

सगळ्यांनी पाहिलं. तो संजयचाच होता.

"स्वतःच हात ठिवून बसलायस आणि कुणाची वाट बघालायस लेका? ज्या टोकाचं काम न्हाय, ते टोक सोड."

मला तेव्हा कळलं, शालन. म्हणजे मला आधी माहीत होतं, पुस्तकात होतं, मी फळ्यावर लिहीत होते: पाईपची जी बाजू वापरायची नाही ती बंद करावी, अन्यथा वाचणारा प्रोग्राम कायमचा खोळंबून राहतो. पण तो खोळंबा म्हणजे काय हे मी त्या पोराच्या चेहऱ्यावर पाहिलं. तास संपल्यावर मी तुला एवढंच म्हटलं की चिंचोके जमिनीवर सांडलेत, शिपाई ओरडेल. कौतुक तोंडावर करायची मला सवय नाही. तुझ्या लक्षात आलं असेल, असं मी धरून चालले आहे.

आपलं भांडण मात्र तिथूनच सुरू झालं. माझं म्हणणं, पाईपचा एवढा खटाटोप कशाला? चाइल्डनं उत्तर एका फाईलमध्ये लिहावं, पॅरेंटनं सावकाश उघडून वाचावं. फाईल डिस्कवर राहते, पुन्हा बघता येते, चूक शोधता येते. तू म्हणायचीस, "फाईल म्हंजे शिळी भाकरी. कुणी केली, कवा केली, पुरी भाजली का न्हाय, काय कळतंय? पाईप म्हंजे तव्यावरची. त्यानं दिली, ह्यानं खाल्ली." मी म्हणायची, शिळी तरी असते. दिवे गेल्यावर तव्यावरचीचं काय? आणि दिवे तर आपल्याकडे जायचेच. एकदा भर तासात गेले, बॅटरीही बसली, तुझ्या मुलांचं सगळं मधल्यामध्ये गडप. माझा आनंद गगनात मावेना. दिवे आल्यावर मी ऐटीत माझी फाईल उघडून दाखवली, तर ती अर्धीच लिहिली गेलेली. तू एवढी हसलीस की पदराला डोळे पुसावे लागले. "आपल्या दोघींचं बी गेलं की गं," म्हणालीस. त्या दिवशी भांडण बरोबरीत सुटलं, पण मिटलं नाही.

साहेब तुझ्या मागे लागायचे तेही लिहिण्यावरूनच. तुझ्या तासांचं मॅन्युअल लिहून दे, म्हणून त्यांनी किती वेळा सांगितलं तुला. माझं केव्हाच टाईप होऊन बांधून झालं होतं. तू दर वेळी "देतो की सर" म्हणायचीस आणि देत नव्हतीस. मी रागावले तर म्हणालीस, "लिहिलं की पोरं कागदाकडं बघत्यात. माझ्याकडं कोण बघणार मग?"

तू आजारी पडलीस तेव्हा मला वाटलं, आठ दिवसांत येशील. दवाखान्यात तुला भेटायला आले तेव्हा तुझे डोळे पिवळे झाले होते आणि आवाज बारीक झाला होता, आणि तशातही तू विचारलंस, "काय गं, फाईलवाले, पोरं काय म्हणत्यात?" मी म्हटलं, बरी आहेत, पण तू काही लिहून ठेवलं नाहीस म्हणून माझ्या डोक्याला ताप आहे. तू हसलीस. "पोरांच्यात हाय की समदं. तिथनं काढून घे." मी काहीतरी उत्तर देणार होते तेवढ्यात वेळ संपली म्हणून नर्सनं मला बाहेर काढलं. रस्त्यानं येताना मला फार चांगलं उत्तर सुचलं. इतकं चांगलं, की मी चालता चालता थांबले. या एका वाक्यावर ही बाई गप्प होणार, असं वाटलं. ते वाक्य असं होतं: शालन, पाईपला दोन्ही बाजूंची माणसं एकाच वेळी हयात असावी लागतात, फाईलला लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते तुला सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तुझा भाऊ आला. तो काही बोलायच्या आधीच मला ते वाक्य आठवलं, आणि ते आपल्याला सुचलंच का, याचा मला इतका राग आला की तुझ्या भावाला बस म्हणायचंही भान राहिलं नाही. भांडणात जिंकायचं वाक्य होतं ते. खरं व्हायला नको होतं.

कोडोलीला मी आले होते. तुझ्या आईनं मला पाहिलं आणि आत बोलावून शेजारी बसवलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बाई, माझी लेक तिथं काय शिकवायची ओ?" मी सांगायला लागले, एक प्रोग्राम असतो, त्याची प्रत निघते, आणि माझं मलाच कळेना मी काय बोलतेय. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "ऱ्हावू दे. पोरं ऐकायची न्हवं तिचं?" मी म्हटलं, "व्हय." नाशिकच्या बाईच्या तोंडून व्हय आलं, शालन. तू असतीस तर वर्षभर चिडवलं असतंस. मग त्यांनी मला बळंच दोन घास खायला लावले.

परत आले तर साहेबांनी बोलावलं. मला एकदम दोष देता येत नाही त्यांना, त्यांनाही वरून विचारणारे आहेत. म्हणाले, बाहेरून परीक्षक येणार आहेत. तिच्या बॅचकडे ना नोट्स, ना मॅन्युअल, नुसते खेळ केलेत. मुलं नापास झाली तर लोक काय म्हणणार, बाई शिकवतच नव्हत्या. गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करायचं? तुम्ही तुमचं मॅन्युअल वाटा आणि सगळं नव्यानं शिकवा. मी तुझं कपाट उघडलं. एक स्टीलचा पेला, खडूचे तुकडे, चिंचोक्यांची पिशवी आणि तो पाईप. कागद म्हणून एक नाही. त्या क्षणी तू समोर असतीस तर मी तुला धरून हलवलं असतं.

माझं मॅन्युअल घेऊन मी तुझ्या बॅचपुढे उभी राहिले. गठ्ठा टेबलावर ठेवला. कुणी हात लावला नाही. उर्मटपणा नव्हता तो, नुसतीच बसून राहिली मुलं. मग विजया म्हणाली, "मॅडम, आमचं झालंय हे. तुम्ही नुसतं बसा आमच्यात, आम्ही करून बघतो." मी बसले. साहेबांना मात्र सांगितलं की शिकवते आहे. त्यानंतर परीक्षेपर्यंत मला धड झोप नव्हती. मुलं नापास झाली तर तुझ्या नावाला जे चिकटेल ते पुसायला तू येणार नव्हतीस, आणि नुसतं बसायचं मी ठरवलं होतं.

परीक्षक पुण्याहून आले. अंगात सफारी, बोलणं मोजकं. त्यांनी नेमका तोच प्रश्न घातला: चाइल्डनं एकामागून एक आकडे पाठवायचे, पॅरेंटनं ते छापत जायचे आणि आकडे संपल्यावर शेवटी बेरीज सांगायची. मी दाराशी उभी. साहेबही येऊन उभे राहिले. मुलांनी टाईप केलं, चालवलं. विजयाच्या पडद्यावर हिरवे आकडे भराभर आले आणि थांबले. बेरीज आली नाही. कर्सर नुसता उघडमीट करत राहिला. शेजारी संजयचंही तेच. पलीकडच्या दोघांचंही तेच. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चपलांकडे.

आणि मग विजयानं कीबोर्डवरून हात काढले, शालन. दोन्ही हात टेबलावर ठेवले, कीबोर्डच्या एक इकडे, एक तिकडे, मुठी वळून, काहीतरी धरल्यासारखे. ती काही क्षण त्या हातांकडे बघत राहिली. मग डावा हात उचलला. मी मान वळवली तर संजयचे हात टेबलावर होते, आणि त्याच्या पलीकडच्यांचे, आणि मागच्या रांगेतल्यांचे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. जो तो आपल्या मुठींकडे बघत होता, ओठ पुटपुटत होते, आणि एकेकाचा एकेक हात वर येत होता. त्या गारठलेल्या खोलीत मशिनचा आवाज सोडून दुसरा आवाज नव्हता. परीक्षक हातातलं पेन तसंच धरून बघत राहिले. मग सगळीकडून टाईप केल्याचा आवाज सुरू झाला. प्रत्येकानं एकच ओळ घातली, पॅरेंटमधलं लिहिण्याचं टोक बंद करणारी. बेरजा आल्या.

परीक्षकांनी विजयाला विचारलं, "हे तुम्ही हातानं काय करत होता?" ती म्हणाली, "सर, कुणाचा हात राहिलाय ते बघत होते." त्यांना अर्थातच कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगता आलं असतं, पण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, म्हणून मी खिडकीचा पडदा नीट करायला गेले. साहेबांनी, आपल्या साहेबांनी, सांगितलं: "त्यांच्या मॅडमची पद्धत होती ती." एवढंच म्हणाले. पण "पद्धत" म्हणाले, "खेळ" नाही म्हणाले. हे तुला मुद्दाम सांगते आहे.

जाता जाता परीक्षकांनी विजयाला आणखी एक विचारलं. लिहिणारा जिवंत आहे, लिहितोच आहे, पण वाचणाऱ्यानं आपलं टोक सोडून दिलं. तिकडे कुणीच नाही. मग काय होतं? विजयानं संजयकडे पाहिलं, संजयनं खाली पाहिलं. विजया म्हणाली, "सर, हे मॅडमचं शिकवायचं राहिलं." परीक्षकांनी मान हलवली आणि सगळ्यांना पास केलं. एकही नापास नाही, शालन. साहेब मला म्हणाले, आता निदान तुम्ही तरी हे लिहून काढा. मी हो म्हटलं. चौकटी काढीन, बाण काढीन, आणि मुठी कशा ठेवायच्या त्याचं चित्रही. तू हसशील तर हस.

पण ते राहिलेलं मला राहू द्यायचं नव्हतं. परीक्षा झाली होती, मार्क मिळाले होते, मुलांना यायचं काही कारण नव्हतं. मी निरोप दिला आणि आज सकाळी सगळी आली, बाहेर चपलांची रांग लागली. मी कपाटातून तुझा पाईप काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी वर्गात फळ्याकडे पाठ करून उभी राहिले. संजयला लिहायचं टोक दिलं, विजयाला वाचायचं. त्यानं चिंचोके सोडायला सुरुवात केली, ती घेत होती. मग मी तिला म्हटलं, "विजया, सोड. जागेवर जाऊन बस." ती गेली. पाईपचं टोक तसंच लोंबत राहिलं. संजयच्या हातात मूठभर चिंचोके. तो म्हणाला, "मॅडम, आता?"

मी सांगितलं. वाचणारं एकही टोक उघडं नसताना कुणी लिहायला गेला, तर सिस्टिम त्याला लिहू देत नाही, त्याचा प्रोग्राम तिथंच थांबवते. कारण त्या लिहिण्याचा उपयोग नाही.

"आणि हे?" संजयनं मूठ उघडून दाखवली. पुस्तकात याचं उत्तर नाही. मी म्हटलं, "ते तुझ्यापाशीच राहतं." वर्गात कुणी हसलं नाही. विजया रडत होती, आणि मीही रडले, मुलांसमोर, तुझी शाल अंगावर घेऊन. झालं ते झालं.

आता संध्याकाळ झाली आहे. पेठेत मॅच जिंकून पोरं ओरडत गेली, कुकर लावायचा राहिला आहे, सासूबाई दोनदा डोकावून गेल्या. नियम मीच सकाळी शिकवला आहे, मला तो पाठ आहे. तरी मी तुला लिहायला बसले, शालन, आणि इतका वेळ झाला, लिहितेच आहे. मला अजून कुणी थांबवलेलं नाही.